शुक्रवारची हवा

इद्रीस मुकादमला वास येत नाही, हे तळोज्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. उलट त्याच्या पाळीतले लोक म्हणायचे, इद्रीसभाईचं नाक म्हणजे पोलिसांचं कुत्रं.

कापडाच्या रंगाची रसायनं करणारा तो कारखाना होता. ऑपरेटरने तासातासाला फेरी मारायची, पाइपांच्या प्रत्येक सांध्यापाशी थांबायचं आणि हुंगायचं, अशी तिथली रीत. फोरमन कमळाकर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचा, मीटर बिघडतो, नाक बिघडत नाही.

इद्रीसचं नाक सहा वर्षांपूर्वी कुवेतमध्ये बिघडलं होतं. तेलाच्या रिकाम्या टाक्यांत उतरून त्या आतून धुवायचं काम होतं. एका संध्याकाळी खोलीतल्या सगळ्यांनी मिळून कोळंबीचं कालवण केलं, आणि पहिल्याच घासाला त्याला वाटलं की आपण नुसतं गरम आणि तिखट काहीतरी गिळतो आहोत. सर्दी असेल म्हणून त्याने आठवडाभर वाफ घेतली, महिनाभर वाट पाहिली. मग वाट पाहणं सोडून दिलं. कोणाला सांगितलं नाही. आजारी माणसाला तिथे विमानात बसवून देत, हे त्याने पाहिलं होतं. आणि गोष्ट एकदा राहून गेली की पुढे ती सांगताना इतके दिवस का नाही सांगितली, हेही सांगावं लागतं. ते अधिक कठीण.

आखाती युद्धानंतर तो शारजाला गेला आणि तिथून चौऱ्याण्णव साली कायमचा परतला. मुरूडला आई-वडिलांच्या घरात बायको सकिना आणि मुलगी कैनात होत्या. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. सुट्ट्या धरल्या तर त्यातलं जेमतेम एक वर्ष नवरा-बायको एका छपराखाली राहिले होते. आता तळोज्यात नोकरी लागली, तेव्हा तो कळंबोलीत चार कामगारांबरोबर एका खोलीत राहू लागला. मे महिन्याच्या आत स्वतःची जागा बघायची, जूनमध्ये कैनातला शाळेत घालायचं, असं ठरलं.

कारखान्यात तो निभावून नेत होता. फेरीत जोडीदार जयप्रकाशच्या अर्धं पाऊल मागे राहायचा आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघायचा. जयप्रकाशला वास आला आहे हे कळायच्या आधी त्याच्या नाकपुड्यांना कळायचं. त्या जराशा फुलल्या की इद्रीस म्हणायचा, "इथं बघ जरा." तिथे हमखास थेंब सापडायचा. एकटा असला की मुठीत लिटमसचा ओला कागद धरायचा. निळ्याचा लाल झाला, लालचा निळा झाला, की नाक चोळत कमळाकरकडे जायचा. त्याची कीर्ती वाढत गेली, आणि तिच्याबरोबर त्याची झोप कमी होत गेली.

सकिनाची अट एकच होती. ती तिने फोनवर सांगितली. इद्रीस बूथमध्ये उभा होता, बाहेर दोघं ताटकळत होते.

"जागा कुठंही बघा," ती म्हणाली. "लहान असली तरी चालेल, पाणी खालून आणावं लागलं तरी चालेल. पोरीला श्वास घेता आला पायजे. डॉक्टर म्हणाले, धुराला, वासाला सांभाळा. परवा शेजारी टायर जाळला तर रात्रभर बसून होती."

"इथली हवा चांगली आहे."

"तुमी घेतली का ती?"

"म्हणजे काय. रोज घेतो."

"मग तुमच्या नाकावर सोडते," सकिना म्हणाली, आणि फोन ठेवला.

इद्रीसला सुट्टी शुक्रवारची. तळोज्यापासून कोपरखैरण्यापर्यंत त्या सगळ्या पट्ट्यातच कारखाने शुक्रवारी बंद असायचे. विजेची वाटणी तशी ठरलेली होती. इद्रीसला वाटायचं, अल्लाने आणि वीजवाल्यांनी मिळून आपली सोय केली. जुम्म्याची नमाज झाली की तो भावेशच्या स्कूटरवर मागे बसायचा. भावेश जागा दाखवणारा दलाल. बोलण्यात तरबेज.

"काय पायजे ते नंतर," भावेश म्हणाला. "आधी काय नको ते सांगा."

"वास नको."

"शेजाऱ्यांचा?"

"कारखान्यांचा."

"मग महाबळेश्वरला बघा ना, इद्रीसभाई. तिथं माझा साडू आहे."

पहिल्यांदा त्यांनी कळंबोली पाहिलं. कंपनीची बस दारात यायची, पण ते तळोज्याला खेटून होतं, म्हणून इद्रीसनेच नको म्हटलं. मग कोपरखैरणे. घरं एकमेकांना अशी चिकटलेली की एका घरात कुकरची शिट्टी झाली तर दुसऱ्या घरातली बाई गॅस बंद करायला उठे. तिथे एक जागा बरी वाटली. पण सेक्रेटरीने नाव विचारलं, दोनदा विचारलं, आणि सोसायटीची मीटिंग घ्यावी लागेल म्हणाला. जिना उतरताना भावेश स्वतःच ओशाळला होता.

"मनाला लावून घेऊ नका. सोसायटी म्हणजे फुकटचं टेन्शन."

"माझ्या मनाला एवढी जागा नाय," इद्रीस म्हणाला. त्याच्या मनात दुसरंच चाललं होतं. प्रत्येक घरात तो खिशातून लिटमसचे दोन कागद काढायचा, नळाखाली भिजवायचा आणि खिडकीच्या गजाला लावून पंधरा मिनिटं थांबायचा.

"हे काय? ताईत?" भावेशने एकदा विचारलं.

"तसंच समज."

कागद कुठेच बदलले नाहीत. कोपरखैरण्यात नाही, जुईनगरमध्ये नाही. लाल तो लाल, निळा तो निळा. इद्रीसला आधी बरं वाटलं, मग शंका आली. सगळेच वास कागदाला कळत नाहीत, हे त्याला कामावरून ठाऊक होतं. पोरीचा श्वास दोन चिटोऱ्यांवर टांगणं बरं नव्हे. खरं नाक हवं होतं, आणि खरं नाक मुरूडला होतं. सकिना बाजारात शिरली की मासळीवाल्या कालची टोपली पायाने मागे सरकवत. उन्हाळ्यात वाटण कुठल्या घरात आंबलं, हे ती रस्त्यावरून सांगायची.

त्याने तिला निरोप पाठवला की जागा तूच बघ, घर बाईचं असतं. हे ऐकून सकिनाला बरं वाटलं. नवऱ्याने इतका मान दिला म्हणून तिने सासूला दोनदा सांगितलं. त्याने बोलावलं अर्थातच शुक्रवारी. सुट्टी त्याच दिवशी होती.

जुईनगरला पहिल्या मजल्यावरची, त्याने आधी पाहून ठेवलेली जागा. दोन खोल्या, पूर्वेला मोठी खिडकी. सकिना आल्या आल्या खिडकीत जाऊन उभी राहिली. इद्रीस तिच्या मागे, अर्धं पाऊल अंतर ठेवून. त्याची नजर तिच्या नाकपुड्यांवर होती. त्या स्वस्थ होत्या.

"आलं काय?" त्याने विचारलं.

"कायच नाय. खालच्या घरात लसणाची फोडणी दिली ती तेवढी." ती वळून हसली. "तुमाला नाय आली?"

"आली की," तो म्हणाला.

कैनात दोन्ही खोल्यांतून धावून आली. धाप लागली नाही. जागा त्याच दिवशी भाड्याने घेतली. संध्याकाळी सतरंजीवर बसून तिघांनी बरोबर आणलेल्या तांदळाच्या भाकऱ्या खाल्ल्या. इद्रीसला वाटलं, आपण निसटलो. सहा वर्षांचं एक ओझं तिच्या नाकाने न बोलता उचललं.

शनिवारी तो पहिल्या पाळीला गेला आणि साडेचारला परतला. दार सकिनाने उघडलं. आत काळोख होता. खिडक्या बंद, फटीत ओल्या चादरी कोंबलेल्या. कैनात भिंतीला टेकून बसली होती, झोपली असावी.

"एवढ्या उकाड्यात कोंडून काय बसलात?" इद्रीस म्हणाला. तो सरळ खिडकीशी गेला, चादर ओढली आणि दोन्ही दारं सताड उघडली. "बघ, कसा वारा आहे."

सकिना जागची हलली नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली. मागे कैनात खोकू लागली. तो खोकला त्याने कधी ऐकला नव्हता. त्याला फक्त पत्रांतून माहीत होता. कोणी तरी अरुंद बोळातून जड सामान ओढत नेत असावं, तसा तो आवाज होता. सकिनाने पुढे होऊन खिडकी लावली, चादर पुन्हा खोचली, पोरीला मांडीवर घेऊन तिची पाठ चोळली. पुष्कळ वेळाने श्वास जागेवर आला.

मग ती उठून स्वयंपाकाच्या खोलीत गेली आणि परत आली. हात मागे होता.

"डोळे मिटा."

"काय झालं?"

"मिटा."

त्याने मिटले. डोळे मिटल्यावर त्याच्यापाशी काहीच उरलं नाही. समोर चेहरा नव्हता, कागद नव्हता.

"माझ्या हातात काय आहे?"

नाकाशी काहीतरी आलं होतं. ते आल्याची झुळूक त्याला गालावर जाणवली. बायको नवऱ्याच्या नाकाशी काय धरेल याचा त्याने विचार केला.

"अत्तर," तो म्हणाला.

डोळे उघडले तेव्हा तिच्या हातात सुक्या बोंबलांची जुडी होती. मुरूडहून आणलेली, आख्ख्या एस.टी.ला जिने तोंड फिरवायला लावलं असेल अशी. सकिनाला हसू फुटलं. ते तिने आवरलं नाही, पण ते फार टिकलंही नाही.

"सकाळी आठपासून इथं सडलेल्या अंड्यासारखा वास आहे," ती म्हणाली. "आताही आहे. आणि तुमी वारा दाखवता मला. किती दिवस झाले?"

"सहा वर्षं."

ती मनात मोजत होती हे त्याला दिसलं. कैनात सहा वर्षांची होती.

"म्हणजे ही झाली, तुमी सुट्टीवर आलात, हिचं डोकं हुंगत बसायचात. तेव्हा?"

"तेव्हाही नाय."

सकिना खाली बसली. बोंबील कागदात बांधताना तिने गाठ दोनदा बांधली. "मला वाटायचं, या माणसाचं पोरीवर किती मन आहे."

"होतंच. म्हणून तर हुंगत होतो."

तिने जुडी बाजूला ठेवली. पुढे विचारलं ते त्याला अपेक्षित नव्हतं. "कामावर वास घ्यावा लागतो, तुमीच लिहिलं होतं. तिथं कसं करता?" त्याने जयप्रकाशच्या नाकपुड्यांचं सांगितलं, लिटमसचं सांगितलं. सांगताना त्याला स्वतःला ते पहिल्यांदा हुशारीचं वाटलं नाही.

"आणि जयप्रकाशला सर्दी झाली तर?"

इद्रीसने खिशातला लिटमसचा कागद काढला आणि परत ठेवला.

"फोरमनला सांगा," सकिना म्हणाली. "दुसरं काम देतील, नायतर काढतील. जागा मी बघते, मला नाक आहे. पण त्यांना सांगितलं नाय तर मी जूनच्या आत पोरीला घेऊन मुरूडला जाते. नऊ वर्षं पत्रांवर काढली, आणखी काढीन. तिथून कोणी तरी येऊन सांगायचं की सगळे पळाले आणि इद्रीसभाई उभेच राहिले, ते मला ऐकायचं नाय."

रविवारी त्याने रजा घेतली. सकाळी जिन्यात मासळीवालीची हाक आली. येसूबाई तिचं नाव. खाडीकाठच्या दिवाळे गावची, डोक्यावर टोपली, अंगावर सोन्याचा एक मणी नाही तरी चाल सरदारणीची. सकिनाने तिच्या टोपलीतला पापलेट उचलला, हुंगला आणि परत ठेवला.

"परवाचा."

"गो बाय," येसूबाईने टोपली खाली ठेवली आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "तू कनची? हितली नाय वाटत."

"मुरूडची."

"तरीच. आनि असली नाकाची बाय हितं कशी आली र्‍हायला?" येसूबाईने आत डोकावून चादरी कोंबलेल्या फटी पाहिल्या. तिला सगळं कळलं. "सुक्कारी बगितली आसंल जागा."

"हो."

"दलाल सुक्कारीच दावतान. कारखाने बंद आसतान ना. हवा कशी, धुतल्यावानी. शनवारी चालू झाले का भारोत्री खिरक्या लावतान, आनि पुरच्या सुक्कारी नवा भारोत्री."

सकिनाने मान वळवून इद्रीसकडे पाहिलं. "तुमी असल्याच कारखान्यात कामाला जाता ना?" ती म्हणाली. "सुट्टी कधी असते ते ठाऊक असेल तुमाला."

इद्रीसला राग यायला जागा नव्हती. भावेशने फसवलं म्हणावं तर शुक्रवार त्याने स्वतःच मागितला होता. तो दर शुक्रवारी नमाजेला जाताना थंडगार बंद धुराडी पाहत गेला होता. धुराडं बंद असलं की बाहेरच्या माणसाच्या नाकाला काय वाटतं, हा प्रश्नच त्याच्या डोक्यात कधी आला नव्हता. ज्याचं एक दार बंद असतं, तो त्या दाराबाहेरचा रस्ताही विसरतो.

त्यानंतरचा आठवडा सकिना येसूबाईबरोबर हिंडली. कैनातला खालच्या बाईपाशी ठेवायची आणि टोपलीमागे निघायची. येसूबाईचं गिऱ्हाईक नेरूळपासून कोपरखैरण्यापर्यंत पसरलं होतं. कुठल्या इमारतीत पाणी चढत नाही, कुठल्या भिंतीला पावसात ओल येते, कोण कधी सोडून जाणार, सगळं तिला ठाऊक. संध्याकाळी सकिना इद्रीसला सांगायची. अमुक सेक्टर दुपारी बरा, पहाटे डोकं धरतं. तमुक ठिकाणी मागे नाला. सोमवारची हवा, मंगळवारची हवा. वर्षभर त्या भागात राहिलेल्या नवऱ्यापेक्षा त्या शहराची अधिक माहिती तिला सहा दिवसांत झाली.

आणि रोज शेवटी ती विचारायची, "सांगितलं?"

"आज कमळाकर पुण्याला होता."

"आज?"

"आज साहेबांची पाहणी होती. घाईत होता."

"आज?"

आज कमळाकर समोरच होता. चहा पिता पिता म्हणाला होता, "इद्रीस, तू आहेस म्हणून मी पहिल्या पाळीला निर्धास्त असतो." इद्रीसने चहा संपवला होता. हे त्याने सकिनाला सांगितलं नाही. उद्या, एवढंच म्हणाला. सकिनाने पेटी काढली आणि कैनातचे कपडे घड्या घालून त्यात ठेवायला लागली. भांडली नाही. दिवसाला थोडे थोडे ठेवत होती.

पुढच्या शनिवारी, पाळी संपल्यावर, ती त्याला दिवाळे गावात घेऊन गेली. येसूबाईचा भाऊ गोवर्धन याने खाडीकडे तोंड करून तीन खोल्या बांधल्या होत्या. त्यातली मधली रिकामी होती. कंपनीची बस तिथे येत नव्हती. इद्रीसला दोन बस बदलून जावं लागलं असतं, आणि ते नोकरी राहिली तर. खोलीसमोर अंगण, अंगणात बांबूंच्या मांडवावर बोंबील आणि वाकट्या वाळत टाकलेल्या. कैनात कोंबडीच्या पिल्लांमागे गेली. पिल्लं पळाली, ती पळाली, परत आली.

गोवर्धन उघडा, खांद्यावर टॉवेल. त्याने खोली दाखवली, मोरी दाखवली, मग अंगणात येऊन मांडवाकडे हात केला.

"आधीच बोलतो भाऊ, मागनं कटकट नको. पाऊस परेस्तोवर हितं मासली सुकते. वास हाय. दोगं भारोत्री पलाले. एक तर बँकेतला व्हता, रुमाल बांधून र्‍हायला पंदरा दिस. तुमाला चालल काय?"

इद्रीसने सवयीने सकिनाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सकिनाने चेहरा वळवला. ती खाडीकडे तोंड करून उभी राहिली, आणि त्याला फक्त तिच्या ओढणीची मागची बाजू दिसत राहिली. ते मुद्दाम केलं होतं तिने. येसूबाई टोपलीवर बसून पान लावत होती. तिनेही मान वर केली नाही.

गोवर्धन वाट पाहत होता. साधा प्रश्न होता. चालेल म्हणून मोकळं होता आलं असतं. कारखान्यात असं वर्षभर मोकळं होता आलं होतं.

"मला वास येत नाय," इद्रीस म्हणाला.

"हा नाय येत? एवरा वास आनि नाय येत?"

"कसलाच येत नाय. सहा वर्षं झाली. टाक्या धुवायचो कुवेतला, त्यात गेला." इतकं बोलल्यावर त्याला वाटलं, आता काहीतरी होईल. झालं काही नाही. वाकट्यांवर माशी बसली, गोवर्धनने टॉवेल फिरवून ती हाकलली.

"माजे सासऱ्याचा कान गेला व्हता असा," तो म्हणाला. "सुरुंगाचे कामावर. चार वरसां हुं हुं करून काढली. सासूला कलला तवा तिनं लय शिव्या दिल्या, आनि त्याला आयकूच आल्या नाय." तो स्वतःच हसला. मग त्याला सुचलं. "मंग कंपनीन काय करताव तुमी?"

"वास घेतो."

गोवर्धनने येसूबाईकडे पाहिलं. येसूबाईने पान तोंडात घातलं.

"उद्या नाय घेणार," इद्रीस म्हणाला. "उद्या सकाळी सांगणार आहे. फेरीच्या आधी." हे त्याने गोवर्धनला सांगितलं, पण आवाज थोडा मोठा होता, खाडीपर्यंत जाईल असा. "पुढं काय काम देतात, देतात का, ते मला ठाऊक नाय. तेव्हा जागा द्यायची की नाय ते तुमी ठरवा."

गोवर्धनने डोकं खाजवलं.

"येसू आनते तो मानूस वाईट नसतो," तो शेवटी म्हणाला. "ताई, तुमचा काय?"

सकिना वळली. डोळे ओले असतील तर ते वाऱ्याने असतील. खाडीवरून वारा चांगला येत होता.

"वाकट्या ओल्याच आहेत तुमच्या," ती म्हणाली. "आणखी एक दिवस ऊन पायजे. सोमवारी सामान आणतो आमी."